तळ्याकडची उतरण

माझं शुद्धलेखन बरोबर नाही आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, मध्ये ओढा होता, म्हणून घरच्यांनी पाठवलं नाही. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते सहीपुरतंच. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं ते मी अंदाजानं देते. मुलीच्या कॉलेजातली एक वही अर्धी कोरी राहिली होती, तिच्यात हे लिहिते आहे. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी सांगून टाकलेलं बरं.

मला डोंगराबद्दल लिहायचं आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या मध्ये तो आहे. मावळातली माणसं त्याला डोंगर म्हणणार नाहीत, टेकाड म्हणतील. पण आमच्या सपाट मुलखात तोच उंच. माथ्यावर देवीचं देऊळ आहे. आमच्या बाजूनं देवळापर्यंत डांबरी झाली आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी जीप जाते. पलीकडच्या बाजूला उतरायला रस्ता नाही, तळ्याकडं गाड्या लांबून वळसा घालून येतात. पायवाट आहे, ती उतरत उतरत तळ्यावर जाते. तळ्याच्या काठी एका म्हातारीचं घर होतं. तिला मी आक्का म्हणायची. तिच्याकडून मी म्हैस घेतली, आणि त्या म्हशीचे पैसे थोडे थोडे करून फेडायला तीन वर्षं तो डोंगर उतरत गेले.

आमची वस्ती काटेवाडीच्या पुढं, रानात आहे. शेजारचं घर हाकेच्या अंतरावर आहे असं म्हणतात, पण मी कधी हाक मारून बघितली नाही. मालक लोणी देवकरला एका कंपनीत रात्रपाळीला वॉचमन आहेत. संध्याकाळी गाडीला किक मारून जातात, सकाळी येतात, जेवतात आणि डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी दिवसभर पाय न वाजवता हिंडते. भांडी लांब नळावर नेऊन घासते. त्यांचं माझं भांडण नाही. माणूस चांगला आहे. पण एका घरात राहून आमची गाठ पडते ती ताट वाढताना.

मुलगी फलटणकडं दिली आहे. ती फोन करते.

"काय चाललंय?"

"काय न्हाय."

"जेवलीस?"

"जेवले."

"बरं, ठेवते मग."

यात तिची काही चूक नाही. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नसतं, आणि असलं तरी ते तोंडाशी येईपर्यंत समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असतं. बचत गटाच्या बैठकीला मी दाराजवळ बसते. चहा मिळाला की लवकर संपवते, कप हातात असला की कुणीतरी काहीतरी विचारतं.

आक्का भेटली ती देवळाच्या पायरीवर. मंगळवार होता. ती तळपायातला काटा काढत बसली होती आणि तिला नख पुरत नव्हतं. माझ्या बांगडीत पिना अडकवलेल्या असतात. मी न बोलता एक पिन पुढं केली. तिनं काटा काढला, पिन पदराला पुसली आणि परत न देता स्वतःच्या बांगडीत अडकवली. मग म्हणाली, "मुकी हायस का काय?"

मी मान हलवली.

"न्हाय म्हनाय बी मान हलवतीस. बरंय."

मग तीच बोलत राहिली. नवरा वारला होता, मुलगा पुण्याकडं कंपनीत होता. चार म्हशी होत्या, गुडघे गेले तशा एकेक विकल्या. आता एक राहिली होती आणि तिच्याखाली रेडी. गिऱ्हाईकं येत होती, पण ती सगळी दलाल. "आज नेत्याल आन रविवारी बाजारात हुबी करत्याल. मला तिचं घर बघायचं हाय. कुनाच्या दारात बांधली त्ये म्हायती पायजे."

"मी घेते," मी म्हणाले. माझाच आवाज ऐकून मी दचकले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पैसं हायत?"

"न्हाईत."

"मग?"

"दुधाच्या बिलातनं देते."

ती मोठ्यानं हसली. पूजेचं ताट घेऊन चाललेल्या बायका वळून बघायला लागल्या. "रोकडं बोलतीस की गं. पैसं न्हाईत पन बोलनं रोकडं."

त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्यामागून डोंगर उतरले. कागद केला नाही. तिला लिहायला येत नव्हतं आणि मला लिहायची लाज वाटत होती. ती म्हणाली, "देवीला म्हायती हाय, तुला म्हायती हाय, मला म्हायती हाय. आनी कुनाला कशाला सांगायचं." घरी येऊन मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघ तुझं तू." पिकअपमधून म्हैस आणि रेडी आमच्या दारात आली. घरात हलणारं काहीतरी आलं.

डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी होतं. पेंडीचे पैसे बाजूला काढायचे, उरलेले पदराच्या गाठीत. जरा जड गाठ झाली की मी मंगळवारची जीप धरायची. देवीला नारळ फोडायचा आणि सगळ्या बायका खाली जीपकडं वळल्या की मी देवळाच्या मागं जायची.

देवळामागं नारळाच्या शेंड्यांचा ढीग असतो. त्याच्या कडेनं वाट सुरू होते. तिथं उभं राहिलं की पलीकडचा मुलूख उलगडून दिसतो. आधी तांबूस माळ, मग उसाचे हिरवे तुकडे, लांब कळसच्या अंगाला धूसर झाडी, आणि या सगळ्याच्या मध्ये तळं. वरून ते हलत नाही. धुतलेली परात उन्हाला ठेवावी तसं नुसतं चमकतं. वाऱ्याशिवाय तिथं कसलाच आवाज नसतो. आमच्या घरातही नसतो, पण तो मला राखावा लागतो. डोंगरावर तो आपोआप असतो, त्यामुळं पाय वाजले तरी चालतात.

पहिला टप्पा काळ्या खडकाचा. दुसरा मुरमाचा, तिथं चप्पल घसरते म्हणून मी चपला हातात घ्यायची. मग वनखात्यानं खोदलेले चर लागतात. ते ओलांडायला साडी वर धरावी लागते, आणि मैलभर माणूस नसलं तरी मी आधी इकडं तिकडं बघायची. चरांच्या खाली तरवडाची पिवळी फुलं, हिवराची चारदोन झाडं आणि मग गुडघाभर गवत. एकदोनदा हरणं दिसली. ती पळण्याआधी थांबून बघतात. मीही थांबायची. ती काही बोलत नसत आणि मीही नाही, त्यामुळं आमचं बरं जमायचं.

चढताना माणूस धापा टाकतं, विचार करायला सवड नसते. उतरताना विचार येतात. आज आक्काला हे सांगायचं, ते सांगायचं, असं मी पायाखाली बघत जुळवत जायची. तेवढ्या वाटेत मी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात कुठं बोलले नाही. खाली गेल्यावर त्यातलं निम्मं तोंडातून निघायचं नाही, पण निम्मं निघायचं.

दिवाळीच्या पुढं गवताची कुसळं वाळतात आणि साडीच्या काठाला अशी रुततात की झटकून जात नाहीत. मी पोचले की आक्का आधी चहा टाकायची. मग मला ओट्यावर बसवून माझ्या साडीचा काठ आपल्या मांडीवर घ्यायची आणि एकेक कुसळ उपटत बोलत बसायची. म्हैस किती देते, रेडी हुंदडते का, सडाला चीर पडली तर काय लावतेस. मी पैसे पुढं केले की म्हणायची, "ठिव तितं," आणि बघायचीसुद्धा नाही. मोजलेले तर मी कधीच बघितले नाहीत. निघताना साडीवर एक कुसळ राहिलेलं नसे. हे लिहायला नको खरं, पण माझ्याजवळ इतका वेळ बसून माझ्यासाठी कुणी काही केलं असेल तर ते तिनंच.

पहिल्या उन्हाळ्यात एक गंमत झाली. उन्हाळ्यात तळं आटतं आणि पोटात भेगाळलेली माती उघडी पडते. मग बांधाच्या भरावावरून वळसा न घालता तळ्याच्या पोटातून सरळ आक्काच्या दारात जाता येतं. मी ती वाट शिकले होते. चैत्राचं ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, म्हणून मी सरळ तळ्यात उतरले. आमची माणसं पाण्यासाठी आभाळाकडं बघतात. कालव्याचं आवर्तन सुटलं की तळ्यात पाणी येतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. नवं पाणी गढूळ, मातीच्याच रंगाचं, वरून ते कळलं नव्हतं. अर्ध्यात गेले तर पुढं पाण्याची एक पट्टी आडवी आलेली, पलीकडं आक्काचं अंगण, आणि आक्का माझ्याकडं पाठ करून शेण्या थापत बसलेली.

हाक मारली असती तर तिनं वळून बघितलं असतं. पण मला हाक मारता येत नाही. म्हशीला मी जीभ वाजवून बोलावते. मी तशीच उभी राहिले. पाणी हळूहळू माझ्या पायांकडं येत होतं. कितीतरी वेळानं ती शेण आणायला उठली आणि तिनं मला बघितलं.

"आगं! कवाधरनं हुबी हायस?"

मी हात वर केला.

"हात काय दावतीस? मी काय यष्टी हाय का थांबाय? हाक मारायला काय झालं हुतं?"

"आक्का," मी म्हणाले.

"काय म्हनतीस? आयकाय येत न्हाय!"

"आक्का!"

"जेवली न्हाईस का गं?"

"आक्काऽऽ!" मी सगळा जीव एकवटून ओरडले. पाण्यातले उंच पायांचे गुलाबी पक्षी एकदम उडाले. आक्का कमरेवर शेणाचे हात ठेवून हसत सुटली.

"आता कसं! जा माघारी, भरावावरनं ये. पानी वाढतंय, फुडं यिऊ नगंस. चा टाकती तवर."

भरावावरून वळसा घालून जाईपर्यंत माझा घसा दुखत होता. त्या दुखण्याचं मला कौतुक वाटलं.

रविवारी शहरातली माणसं पक्षी बघायला येतात. एकदा जीपचा वार चुकला म्हणून मी रविवारी मिळेल त्या गाडीनं गेले, तर देवळामागं टोप्या घातलेल्या तीन मुली काठ्या घेऊन उभ्या होत्या. "मावशी, खाली लेकला हाच रस्ता जातो?" मी मान हलवली आणि पुढं चालायला लागले. त्या माझ्या मागं. त्या दर वळणावर थांबून फोटो काढत होत्या, मलाही मागून एक काढला. खाली पोचल्यावर त्यातली एक म्हणाली, "मावशी, तुम्ही किती पटपट उतरता. कशाला येता एवढं?"

"काम आहे," मी म्हणाले.

हे आक्काला सांगितलं तर ती फुगून बसली. "काम? मी काम व्हय गं? सांगायचं की, आक्काकडं आलीया म्हनून."

पण ते मला जमलं नसतं. नुसतं भेटायला जाणं मला येत नाही. भेटायला आले असं म्हणायला तोंड लागतं. पैसे द्यायला आले असं म्हणायला काहीच लागत नाही, गाठ सोडली की झालं. त्यामुळं पैसे जसे फिटत आले तशी मला भीती वाटायला लागली. बाकीच्यांना कर्ज फिटायचा आनंद होत असेल. मी मात्र डेअरीचं बिल चांगलं आलं की मनात चरकायची. पैसे संपले की डोंगर संपणार होता. मंगळवारी देवीला जाऊन मी बाकीच्या बायकांबरोबर जीपमध्ये बसून घरी येणार होते.

दोन वर्षं होऊन गेल्यावर एकदा मी राहिलेली सगळी रक्कम बांधून नेली. ठेवून घेतली असती तर मला झोप लागली नसती. आक्कानं पहिल्यांदाच नोटांकडं बघितलं. थोड्या घेतल्या आणि बाकीच्या माझ्या पदरात टाकल्या.

"ह्ये ऱ्हाऊ दे."

"का?"

"आमच्यात जनावराचं समदं पैसं घेत न्हाईत. घेटलं की म्हस आटती. रेडी गाभन जाईस्तवर ऱ्हाऊ दे."

माझ्या सासूनं जन्मभर म्हशी राखल्या, पण ही रीत मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तरी मी पदराला परत गाठ मारली. त्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी दुधाच्या टेम्पोतून परत येताना पदरातली गाठ हाताला लागत होती आणि मला हसू येत होतं. शेजारी बसलेल्या बाईला वाटलं असेल, हिला काय झालं.

घरी मालकांना ताट वाढताना विचारलं, अशी रीत असते का. ते म्हणाले, "कसली रीत? पैसं कोण सोडतं व्हय? म्हातारी याडी हाय." मग दोन घास खाऊन म्हणाले, "जात जा तिच्याकडं." आणि पाणी प्यायले.

रेडी गाभण गेली. मी सांगायला गेले तेव्हा आक्कानं विचारलं, "व्याली?"

"न्हाय, गाभन हाय."

"मग ऱ्हाऊ दे. व्याल्यावर बघू." मी पुढं केलेल्या पैशांतली तिनं एकच नोट घेतली आणि माझ्या काठाची कुसळं काढायला लागली.

यंदा दिवाळी झाल्यावर दुधाच्या टेम्पोवाल्यानं रस्त्यात गाडी थांबवली आणि निरोप दिला. "आक्कानं बोलावलंय. पैसं समदं घिऊन या म्हनली. समदं म्हनून दोनदा सांगितलंय."

त्या दिवशी मी जीपमधून उतरले आणि नारळसुद्धा फोडला नाही. देवळामागं उभी राहिले तर तळं काठोकाठ भरलं होतं. खाली आक्काच्या घरासमोर एक पांढरी गाडी दिसत होती. मी उतरायला लागले. काय बोलायचं ते त्या दिवशी जुळवता आलं नाही. मुरमावर चपला काढायचं विसरले आणि दोनदा घसरले. हिवराखाली बसून राहिले. उशीर केला तर काय होईल, असंही एकदा मनात आलं. ती गाडी निघून जाईल आणि पैसे माझ्याकडं राहतील. मग आक्काला कधीतरी यावं लागेल. असला विचार लहान पोर करतं. मी उठले आणि उरलेला डोंगर उतरले.

अंगणात एक पत्र्याची ट्रंक, दोन बोचकी आणि उलटी करून ठेवलेली बाज होती. चूल सारवून बंद केली होती. आक्काचा मुलगा घरातून कुलूप घेऊन बाहेर आला. नीटनेटका माणूस, हातात घड्याळ. आक्का ओट्यावर नव्या साडीत बसली होती आणि तिच्या एका गुडघ्याला पट्टा बांधलेला होता.

"आलीस? ह्यो नेतोय मला. डागदरनं सांगितलंय, आता एकटीनं ऱ्हायचं न्हाय." चहाचं ती बोलली नाही. "पैसं आनलं?"

"रेडी अजून व्याली न्हाय," मी म्हणाले.

"नसंना. दे."

"तुमीच म्हनला हुता, म्हस आटती म्हनून."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तशी रीत कुटं आस्ती व्हय गं, येडे."

मी गाठ सोडायला लागले. ती सुटेना. आक्कानं बांगडीतली पिन काढून गाठीत घातली आणि सोडवली. नोटा हातात घेतल्या आणि मुलाला हाक मारली. "आरं, हिकडं ये. कुलूप ठिव खाली."

तो आला. ती म्हणाली, "हिनं माझी म्हस नेली हुती, रेडीसकट. कागुद न्हाय. उद्या मी न्हाय राह्यली तर तू हिच्या दारात पैसं मागाय जाशील."

"आई, मी कशाला जाईन?"

"तू न्हाय गेलास तर तुझी बायकू लावून दील. मोज."

"आई, असू दे ना, मी..."

"मोज म्हंती न्हवं. मोठ्यानं."

तो लाजला. पण उभ्याउभ्या त्यानं मोठ्यानं नोटा मोजल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझे पैसे त्या अंगणात मोजले गेले. आक्का ओठ हलवत त्याच्याबरोबर मोजत होती. मी तळ्याकडं बघत होते. ऊन पाण्यावरून येत होतं म्हणून माझे डोळे भरले असं कुणालाही वाटलं असतं.

"पुरं हायत?"

"पुरे आहेत."

"मला नगं सांगू. हिच्याकडं बघून सांग."

तो माझ्याकडं वळला. चांगला माणूस होता, उगीच त्याला त्रास झाला. "ताई, म्हशीचे सगळे पैसे फिटले. आता तुमच्याकडं आमचं काही नाही."

"आयकलंस?" आक्का म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले.

तिनं नोटा रुमालात गुंडाळल्या आणि पोलक्यात सारल्या. म्हशीचे पैसे त्या दिवशी पुरे फिटले.